‘पण आई, इथे ते कायदेशीर आहे!’

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहणाऱ्या एका आईला सोळा वर्षांच्या मुलाच्या बॅगेत गांजाच्या तेलाचं कार्ट, म्हणजे बॅटरीवर लावून ओढायची नळी, सापडलं. तिने आरडाओरडा न करता विचारलं, तर तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "इथे कायदेशीर आहे. आणि बाबा घेतातच की." बाबा झोप लागावी म्हणून रात्री अर्धी गमी, म्हणजे गांजाचा अर्क घातलेली जेलीची गोळी, घेतात, हे खरं आहे. आई विचारते, "आता मी कशाच्या जोरावर नाही म्हणू? नवऱ्यालाही बंद करायला लावू का? आणि हे शाळेत, डॉक्टरांना सांगावं की घरातच मिटवावं?"

मी याच राज्यात किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे, नशेच्या केसेस बघते. इथली गांजाची दुकानं १ जानेवारी २०१४ ला उघडली आणि मी त्याच्या तीनेक वर्षं आधीपासून या कामात आहे. म्हणजे आधीचं चित्र पाहिलंय, नंतरचंही. घरात दोन मुलं आहेत, मुलगी एकोणीस, मुलगा पंधरा. त्यामुळे या विषयावर बोलताना समुपदेशक कुठे थांबते आणि आई कुठे सुरू होते, ते माझं मलाच दर वेळी कळतं असं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी विचारणारच. नोव्हेंबर २०१२ मध्ये मोठ्यांसाठी गांजा कायदेशीर करणारी घटनादुरुस्ती ६४ मतदानाला आली तेव्हा मी ‘हो’ म्हटलं होतं. साधारण ५५ टक्के मतदारांनी म्हटलं. आज पुन्हा मतदान झालं तरी मी तेच म्हणेन. तोवर माझ्यासमोर बसणाऱ्यांत कोर्टाने धाडलेली मुलं कमी नसायची. खिशात चिमूटभर गांजा सापडला म्हणून सतराव्या वर्षी नावावर केस, मग नोकरीच्या प्रत्येक अर्जात तो रकाना. शिवाय ही केस कुणावर होणार, हेही ठरल्यासारखंच असायचं. देशभरात काळे आणि गोरे गांजा ओढण्यात जवळपास सारखेच, पण अटक होण्याचं प्रमाण काळ्यांमध्ये साडेतीन पटींहून जास्त. ते बंद व्हायला हवं होतं. त्यानंतर बाजार ज्या तऱ्हेने फोफावला त्याला मात्र मी मत दिलं नव्हतं. ते पुढे येईल.

तर तुमचा मुलगा. त्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. कायदा बदलला तो एकवीस वर्षांवरच्यांसाठी. सोळाव्या वर्षी ते जवळ बाळगणं आजही बेकायदाच आहे, आणि त्याला ते देणाऱ्या मोठ्या माणसावर तर चांगलाच गुन्हा होऊ शकतो. हे त्याला एकदा सांगा, शांतपणे, आणि तिथेच सोडून द्या. यावर सगळी भिस्त ठेवू नका. पाच वर्षांनी तो एकवीसचा होईल, मग हे उत्तर संपलं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मी घरोघरी बघते. इतकी वर्षं आपण पोलिसांच्या नावावर ‘नाही’ म्हणत होतो. "पकडतील", "रेकॉर्ड खराब होईल", "कॉलेजला प्रवेश मिळणार नाही." का नाही, हे समजावून सांगायची वेळच कधी आली नाही. आता सरकारने ती भीती काढून घेतली आणि आपण रिकाम्या हाताने मुलासमोर उभे आहोत. तुम्ही विचारलंत ‘कशाच्या जोरावर’, तो शब्द अगदी नेमका आहे. उसना जोर गेलाय. आता माहितीचा आणि नात्याचा जोर लागेल, आणि तो कमवायला वेळ लागतो.

माहितीपासून सुरुवात करू, कारण तिथे मुलं आपल्याला सहज गुंडाळतात.

ते कार्ट पुन्हा एकदा हातात घेऊन नीट बघा. करंगळीएवढी काचेची नळी, आत मधासारखं घट्ट, सोनेरी तेल, वर लहानसं तोंड. खालची पेनासारखी बॅटरी त्याने वेगळी ठेवली असेल. ती पेनड्राइव्हसारखी किंवा हायलायटरसारखी दिसते, तुम्ही कदाचित टेबलावर पाहिलीही असेल. एका कार्टमध्ये साधारण अर्धा किंवा एक ग्रॅम तेल असतं, आणि त्यात टीएचसी, म्हणजे झिंग आणणारं रसायन, ६० ते ९० टक्के असू शकतं. आता हिशेब करा. एक ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे ८०० मिलिग्रॅम टीएचसी. आपल्या राज्यात खाण्याच्या पदार्थांत एक मात्रा १० मिलिग्रॅमची धरतात. म्हणजे तुमचे मिस्टर रात्री ५ मिलिग्रॅम घेतात आणि मुलाच्या कंपासपेटीत मावेल एवढ्या नळीत ऐंशी मात्रा आहेत. ओढलेलं सगळं रक्तात उतरत नाही, हे मान्य. तरी अंदाज येतो. वर त्याला ना धूर, ना तो ओळखीचा उग्र वास. बाथरूममध्ये दोन झुरके आणि पाच मिनिटांत जेवायच्या टेबलावर.

बाबा लोकांचा इथे हमखास एक घोटाळा होतो. "आम्हीही कॉलेजात ओढलाय, काही झालं नाही." झालं नसेलही. पण १९९० च्या दशकाच्या मध्यात या देशात जप्त होणाऱ्या गांजात टीएचसी सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास असायचं. आज दुकानातल्या साध्या फुलातच २० टक्क्यांच्या आगेमागे मिळतं, आणि तेल, वॅक्स, शॅटर ही अर्काची मंडळी त्याच्याही कितीतरी पुढची. बिअरचा एक ग्लास आठवून मुलाच्या हातातल्या रमच्या बाटलीबद्दल बोलण्यासारखं आहे ते. नाव एकच असल्यामुळे घोळ होतो.

बाजाराबद्दल मघाशी म्हटलं ते हेच. मत देताना आमच्यासमोर एक रोपटं होतं, दुकानात मात्र कारखान्यातलं अर्क-तेल येऊन बसलं. राज्यालाही ते उशिराच लक्षात आलं. अस्वल, फळ, माणूस अशा आकारांतल्या गमींवर ऑक्टोबर २०१७ पासून बंदी आली, म्हणजे तोवर जवळपास चार वर्षं त्या राजरोस विकल्या गेल्या. अर्काच्या विक्रीवर लगाम घालणारा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. त्याआधी मेडिकल कार्ड, म्हणजे डॉक्टरांच्या शिफारशीवर मिळणारा गांजाचा परवाना, असलेल्या माणसाला दिवसाला ४० ग्रॅम अर्क घेता यायचा, तो आता ८ वर आणलाय. असं कार्ड असलेल्या १८ ते २० वयाच्या मुलांना तर २ ग्रॅमच. हा शेवटचा नियम का आला असेल? बारावीच्या वर्गातला अठरा पूर्ण झालेला कार्डधारक पोरगा, हाच बऱ्याचदा शाळेचा पुरवठादार असायचा.

म्हणूनच मुलाला पहिला प्रश्न ‘का घेतलंस’ असा विचारू नका. ‘कुठून आणलंस’ विचारा, आणि त्यामागे मित्राला अडकवायचा हेतू नाही हे त्याला कळू द्या. सोळा वर्षांच्या मुलाला दुकान आत घेत नाही, दारातच ओळखपत्र बघतात. म्हणजे कार्ट एकतर कुणा मोठ्याने घेऊन दिलंय, नाहीतर फोनवरून कुणा अनोळखी माणसाकडून आलंय. दुसरं असेल तर त्यात काय भरलंय हे देवालाच ठाऊक. २०१९ मध्ये देशभरात तरणीताठी मुलं फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात भरती झाली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० च्या वर रुग्ण आणि ६८ मृत्यू. तेल घट्ट दिसावं म्हणून भेसळवाल्यांनी घातलेलं ई जीवनसत्त्वाचं ॲसिटेट हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. ही बहुतेक कार्टं चोरट्या बाजारातलीच होती. माझा अनुभव असा, की मेंदूवरच्या व्याख्यानाने जी मुलं डोळे फिरवतात ती ही एक गोष्ट मात्र ऐकून घेतात.

तरीही मेंदूबद्दल तुम्हाला माहीत असायला हवं. आपल्या मेंदूत टीएचसीसारखं काम करणारं एक रसायन मुळातच असतं. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, तेव्हा त्याला नाव दिलं आनंदमाइड, आपल्या संस्कृतमधल्या ‘आनंद’वरून. भूक, झोप, भीती, आठवण, सगळ्याला ते अगदी थोडंथोडं, गरजेपुरतं हात लावून जातं. कुमारवयात मेंदूची जोडणी चालू असते, त्या कामातही त्याचा वाटा असतो. हे काम पंचविशीपर्यंत चालतं, आणि सगळ्यात शेवटी तयार होतो तो कपाळामागचा, थांबून विचार करणारा भाग. बांधकाम चालू असताना रोज त्याच तारांवर पन्नास पट दाब सोडायचा, हा प्रश्न आहे. पन्नास हा माझा अलंकार, मोजमाप नव्हे.

इथे मी एक काळजी घेते, तुम्हीही घ्या. घाबरवण्यासाठी वाढवून सांगू नका. लहानपणापासून ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक आठ अंकांनी घसरतो, असा न्यूझीलंडमधल्या डुनेडिनचा २०१२ चा अभ्यास फार गाजला. पुढे जुळ्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात तसा फरक दिसला नाही. म्हणजे घर, गरिबी, शाळा यांचाही त्यात वाटा असू शकतो. तुमचा मुलगा हे फोनवर अर्ध्या मिनिटात शोधून काढेल, आणि तुमच्या एका वाढवून सांगितलेल्या वाक्यापायी बाकीची चार खरी वाक्यंही केरात जातील.

खरी वाक्यं अशी. ज्यांनी कधी ना कधी गांजा घेतलाय अशांतल्या साधारण अकरातल्या एकाला त्याची सवय जडते. विशीच्या आत सुरू केलेल्यांत ते सहातल्या एकावर जातं. दुसरं, २०१९ मध्ये युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या केंद्रांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, टीएचसी १० टक्के किंवा जास्त असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. भास होणं, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, वास्तवाशी तार तुटणं, याला सायकोसिस म्हणतात. पाचपट म्हणजे प्रत्येकाला होतं असं नव्हे, मुळात ते कमी जणांनाच होतं. पण ज्यांच्या घरात ते आधीच आहे, त्यांच्यासाठी हा आकडा फार जवळचा असतो.

आणि इथे आपल्या मराठी घरांबद्दल जरा सरळ बोलते. पहिल्या भेटीत मी विचारते, "कुटुंबात कुणाला मानसिक आजार?" उत्तर ठरलेलं, "छे छे, कुणालाच नाही." तिसऱ्या-चौथ्या भेटीला, मुलगा बाहेर गेल्यावर, आई हळूच म्हणते, "यांचा धाकटा भाऊ होता... तो जरा वेगळा होता." वेगळा म्हणजे काय, तर खोलीतून बाहेर यायचा नाही, भिंतीशी बोलायचा, मग एक दिवस घरातून निघून गेला. त्याचा फोटोसुद्धा भिंतीवर नसतो. मुलाला तर असा काही काका होता हेच माहीत नसतं. मला एका मुलाने विचारलं होतं, "हे मला आधी का नाही सांगितलं?" त्याच्या आईकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर माझ्याकडेही नव्हतं. तुमच्या किंवा मिस्टरांच्या घरात असं काही असेल, तर ती माहिती मुलाच्या हक्काची आहे. दहा व्याख्यानांपेक्षा ती एक गोष्ट त्याला जास्त कामाची. ‘वेगळा’ म्हणू नका, आजाराचं नाव घ्या.

आता मिस्टरांची गमी.

ती बंदच करायला हवी असं मी म्हणणार नाही. ते मोठे आहेत, त्यांचा हक्क आहे. पण तुमचा मुलगा ‘बाबा घेतातच की’ म्हणाला, त्याअर्थी त्याने ती पाहिली आहे, कुठे ठेवतात तेही त्याला माहीत आहे, आणि डबीतून दोन कमी झाल्या तर कुणाच्या लक्षात येणार नाही हेही. कुलूप लावा. औषधांचं लहानसं कुलूपवालं खोकं पुरतं. गोळ्या मूळ डबीतच ठेवा, मोजून ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओट्याच्या ड्रॉवरमध्ये नको, ऑफिसच्या बॅगेत तर नकोच. आणि मिस्टरांनी मुलाला स्वतः सांगावं की ते घेतात, किती घेतात, का घेतात. लपवलं की तो त्यांना ढोंगी ठरवतो, आणि ढोंगी बापाचं कुणी ऐकत नाही. जाता जाता, रोज रात्री घेतल्याने हळूहळू अंगाला सवय होते, मग सोडायच्या आठवड्यात झोप आधीपेक्षा वाईट लागते. त्यांनी झोपेबद्दल एकदा स्वतःच्या डॉक्टरांशी बोललेलं बरं.

कुलपाचा आग्रह का धरते, ते सांगते. माझ्याकडे एक सोळा वर्षांचा मुलगा यायचा. त्याच्या जॅकेटच्या खिशातल्या गमी चार वर्षांच्या बहिणीने खाल्ल्या. तिच्या दृष्टीने तो खाऊच होता, आणि खाऊ कधी कुणी एकच खातं का? पाऊण तासाने ती चालताना झोकांड्या देऊ लागली, मग झोपली ती उठेना. आजी घाबरून तोंडावर पाणी मारत होती. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, घरात काही औषधं, काही गोळ्या? सगळे म्हणाले, नाही. मेंदूचा स्कॅन झाला. मेंदूज्वर असेल म्हणून मणक्यातून पाणी काढायची तयारी सुरू झाली. हा मुलगा तिथेच कोपऱ्यात उभा होता, सगळं माहीत असून गप्प. मणक्याची सुई दिसली तेव्हा बोलला. मुलगी दुसऱ्या दिवशी ठणठणीत झाली, पण नंतर त्याने मला सांगितलेलं वाक्य अजून आठवतं: "मला वाटलं, डॉक्टरांना आपोआप कळेल."

देशात सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याच्या नोंदी विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. कायदा बदलल्यामुळे मुलांवर नक्की काय परिणाम झाला असं मला कुणी विचारलं, तर मी सगळ्यात आधी हा आकडा सांगते. कारण दुसऱ्या भीतीचं तसं झालं नाही. कायदा आला की सगळी हायस्कूलं गांजात बुडतील असं म्हणत होते. आपल्या राज्याच्या पाहणीत मागच्या तीस दिवसांत गांजा घेतलेली हायस्कूलची मुलं २०१३ मध्ये साधारण पाचातली एक होती, २०२१ मध्ये ती १३ टक्क्यांवर आली. कोविडमध्ये मुलं घरी कोंडली होती, त्याचाही हात त्यात असेल. पण वाढ नक्कीच झाली नाही. घेणारी मुलं मात्र आता जास्त कडक घेतात. माझ्या खुर्चीवरून तरी हेच दिसतं: मुलं कमी, पण येतात ती जास्त बिघडलेली.

विषबाधा केंद्राचा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा: १-८००-२२२-१२२२. चोवीस तास, फुकट. फोन केला म्हणून पोलीस दारात येत नाहीत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मी प्रत्येक परदेशी पालकाला सांगते अशी एक गोष्ट. राज्याने मुभा दिली तरी केंद्राच्या कायद्यात ती नाही, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात आहे. तुम्ही अजून नागरिक नसाल तर कुठलाही खटला न होताही, फक्त अधिकाऱ्यासमोर ‘हो, मी गांजा घेतलाय’ म्हटल्याने प्रकरण अडकू शकतं. दुकानात नोकरी केली तरी नागरिकत्वाच्या अर्जात ती ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते, असं इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी जाहीर केलंय. सीमेवर फोन तपासायचा अधिकारही त्यांना आहे. हे तुमच्या मिस्टरांनाही लागू आहे बरं का, अर्धी गमी असली तरी. मी वकील नाही. अर्ज चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा. मुलालाही हे सांगा, पण धमकी म्हणून नको. त्याच्या गोऱ्या मित्राला आणि त्याला एकाच झुरक्याची किंमत वेगवेगळी पडू शकते, हे अन्यायाचं आहे आणि खरं आहे, असं सांगितलं तर पोरांना ते पटतं.

आता बोलायचं कसं. काय बोलू नये ते सोपं आहे: "आम्ही सगळं सोडून तुझ्यासाठी इथे आलो" आणि "आजीला कळलं तर काय वाटेल". या दोन वाक्यांनंतर मुलगा ऐकणं बंद करतो. डोळे उघडे असतात एवढंच.

माझीच फजिती सांगते. मुलगी सोळाची असताना तिने ओट्याशी उभं राहून विचारलं, "आई, तू मत दिलंस ना? मग मला का नाही?" मी, इतक्या वर्षांची अनुभवी समुपदेशक, तिला पंधरा मिनिटं डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर व्याख्यान दिलं. ती "ओके" म्हणाली आणि वर निघून गेली. दार लागल्याचा आवाजसुद्धा व्याख्यानावर अभिप्राय दिल्यासारखा. आठवड्याने गाडीत, दोघी समोर बघत असताना, मी फक्त एवढंच म्हटलं, "मला भीती वाटते, कारण मी रोज ज्या मुलांना बघते ती वाईट घरातली नसतात." मग ती बोलायला लागली. वर्गातलं कोण काय घेतं, कोण वर्गात हाय होऊन बसतं, सगळं. तिने स्वतः पुढच्या वर्षी एका पार्टीत घेऊन पाहिलं. मला दोन वर्षांनी कळलं. म्हणजे मी जिंकले वगैरे काही नाही.

गाडीत बोला, हा सल्ला मात्र खरोखर देते. नजरेला नजर नसते, उठून जाता येत नाही आणि प्रवास संपला की विषय संपतो.

तुमच्या मुलाला विचारायच्या गोष्टी दोनच, बाकी सगळं नंतर. एकटा घेतोस का? शाळेच्या आधी, सकाळी घेतोस का? मित्रांसोबत शनिवारी घेणारा मुलगा आणि सकाळी सात वाजता बाथरूममध्ये एकटा घेणारा मुलगा, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा मजा म्हणून घेत नसतो. त्याला काहीतरी सहन करायचं असतं: झोप नाही, धास्ती आहे, शाळेत कुणी छळतंय, कधी घरातलंच काही. तिथे गांजाच्या आधी ते शोधावं लागतं.

लघवीची तपासणी घरी करू नका. बाजारात किट मिळतात, मोह होतो. रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते सोडल्यावरही कितीतरी आठवडे दिसतं, त्यामुळे प्रामाणिकपणे सोडलेला मुलगा खोटा ठरतो आणि तुमच्यातलं उरलंसुरलं बोलणंही बंद होतं.

तो रोज घेत असेल आणि त्याने थांबायचं ठरवलं, तर पहिल्या दहा दिवसांसाठी तयार राहा. याबद्दल पालकांना कुणीच सांगत नाही. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, जेवण जात नाही, झोप उडते, आणि लागली तर विचित्र, रंगीत स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात ते शिगेला पोचतं, मग उतरतं. घरचे म्हणतात, "सोडल्यापासून जास्तच बिघडलाय," आणि नेमकं तेव्हाच भांडण होऊन तो पुन्हा सुरू करतो. तो बिघडलेला नसतो, उतरत असतो. त्या दहा दिवसांत मार्क, खोलीची साफसफाई, केस, यातलं काही काढू नका. गोळी देऊन सोडवावं असं या सवयीवर मंजूर झालेलं औषध नाही. चालतं ते बोलण्यावर, भेटींवर.

आणखी एक लक्षण सांगते, कारण ते हमखास चुकतं. सकाळी उलट्या, पोटात मुरडा, आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली तासन्‌तास उभं राहणं. ॲसिडिटी म्हणून गोळ्या देत राहतात, एंडोस्कोपीही होते. सतत आणि भरपूर गांजा घेणाऱ्यांत हा आजार दिसतो. त्याचं वर्णन ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये झालं. पूर्ण बंद केल्याशिवाय थांबत नाही. घरातलं गरम पाणी अचानक संपायला लागलं तर नुसतं बिल बघू नका.

गाडीबद्दल एकच नियम आजच करा. तो घेऊन चालवणार नाही, घेतलेल्याच्या गाडीत बसणार नाही. रात्री कितीही वाजता फोन केला तर तुम्ही न्यायला जाल आणि सकाळपर्यंत एक शब्द विचारणार नाही. ‘दारूपेक्षा गांजा घेऊन बरी चालवता येते’ असं मुलांना खरोखर वाटतं. खाल्लेल्या गमीचा अंमल तर अर्ध्या तासाने ते दोन तासांनी चढतो आणि सहा-आठ तास राहतो, तेव्हा ‘आता उतरली’ हा त्याचा अंदाज नेहमीच कच्चा. सकाळपर्यंत गप्प बसणं तुम्हालाच जड जाईल. तरी बसा.

राहिला शेवटचा प्रश्न. शाळेत कार्ट सापडलेलं नाही, तुमच्या घरात सापडलंय. शाळेला आज कळवायची गरज मला दिसत नाही. मार्क घसरले असतील, वर्गात झोपत असेल, तर त्याला विचारून त्याच्या शाळेतल्या समुपदेशकाशी बोला. मुलांच्या डॉक्टरांना मात्र जरूर सांगा. वेळ घेतानाच सांगा, की त्याच्याशी एकट्याने बोला. त्यांच्याकडे यासाठी थोडक्या, ठरलेल्या प्रश्नांची यादी असते. तो जे बोलेल ते जिवाला धोका नसेल तर ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि बाहेर आल्यावर तुम्हीही विचारू नका. तुमचं काम बाहेरच्या खुर्चीवर बसायचं. सोबत वाचायला काहीतरी न्या, वेळ लागतो.